शाळेची पाहणी आणि गांवचीं माणसें



हल्लीं शिक्षणखात्याच्या कागदपत्रांत आणि शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत एक शब्द वारंवार आढळूं लागला आहे : 'भागधारक'. शाळेविषयीं कोणतेंही संशोधन करावयाचें तर सर्व भागधारकांना त्यांत सामील करून घ्यावें, असें तेथें लिहिलेलें असतें. आमच्या शिराळा तालुक्यांतील शेतकऱ्याला हा शब्द नवा नाहीं. सहकारी साखर-कारखान्याचा भाग त्यानें घेतलेला असतो. वार्षिक सभेच्या आधीं कारखान्याचा छापील अहवाल त्याच्या घरीं येतो. ऊंस किती गाळला, उतारा किती पडला, भाव काय दिला, हें सारें त्यांत असतें. आणि सभेंत उभें राहून संचालकांना चार प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार असतो. पुष्कळदां तो गप्पच बसतो, हा भाग निराळा. परंतु त्याच शेतकऱ्याचा मुलगा ज्या शाळेंत जातो, त्या शाळेची पाहणी होते, मुलाला समोर बसवून धडा वाचावयास लावतात, घरांत पुस्तकें किती आहेत हें त्याच्या आईला विचारतात, आणि मग तो कागद कोठें गेला, त्यांतून काय निघालें, हें त्या घराला बहुधा कळत नाहीं. उंसाचा हिशेब मिळतो. मुलाचा मिळत नाहीं. आज मला बोलावयाचें आहे तें ह्या दुसऱ्या भागधारकाविषयीं.

शाळांची चौकशी ही आपल्याकडे आजची गोष्ट नव्हे. १८८२ सालीं हंटर कमिशन हिंदुस्थानांतील शिक्षणाची चौकशी करीत होतें, तेव्हां जोतीराव फुले यांनीं त्या कमिशनाला एक निवेदन सादर केलें. फुल्यांचें घराणें मूळचें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें. बारा वर्षांच्या वयापर्यंतचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें अशी त्यांची मागणी होती, हें पुष्कळांना ठाऊक असतें. परंतु त्याच निवेदनांत त्यांनीं असेंही सुचविलें होतें कीं शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतले असावेत, त्यांनीं लोकांत मोकळेपणानें मिसळावें आणि प्रसंग पडल्यास नांगराचें रुमणें हातीं धरावयास लाजूं नये. याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. कचेरींत बसून शाळांचे तक्ते चाळणाऱ्या माणसाला ही सूचना सुचली नसती. ज्याच्या मुलाला शाळा परकी वाटते, त्यालाच शिक्षक कसा हवा हें नेमकें सांगतां येतें.

पुढें १९२९ सालीं हार्टॉग समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्राथमिक शिक्षणांतील 'गळती' आणि 'स्थगन' ह्या दोन गोष्टी त्या अहवालानें सर्वांच्या तोंडीं केल्या. प्राथमिक शिक्षण पुरें होण्यापूर्वींच मुलानें शाळा सोडणें म्हणजे गळती, आणि एकाच इयत्तेंत एकाहून अधिक वर्षें राहणें म्हणजे स्थगन. समितीनें असा आंकडा दिला कीं १९२२-२३ सालीं पहिलींत असलेल्या दर शंभर मुलांपैकीं १९२५-२६ सालीं चौथींत अवघीं अठरा दिसतात. या एका आंकड्यावरून पुढें पुष्कळ वर्षें वाद चालला. नव्या शाळा काढण्याची घाई करूं नये, आहेत त्या आधीं सुधाराव्या, असा निष्कर्ष त्यांतून निघाला. आणि मुंबईचे श्री. रा. वि. परुळेकर यांच्यासारख्या अभ्यासकांनीं त्याविरुद्ध लेखणी उचलली.

त्या आंकड्यांत अडचण कोठें होती, तें एका साध्या हिशेबानें सांगतों. समजा, एका वाडीच्या शाळेंत दरसाल वीस नवीं मुलें येतात. त्यांतलीं निम्मीं मुलें पहिलींत दोन वर्षें काढतात. म्हणजे कोणत्याही वर्षीं पहिलीच्या पटावर वीस नवीं आणि दहा जुनीं अशीं तीस नांवें असणार. हीं सारीं मुलें पुढें सुखरूप चौथीपर्यंत गेलीं, तर चौथीच्या पटावर वीस नांवें दिसतील. आतां ज्यानें ही वाडी कधीं पाहिली नाहीं, असा एखादा हुशार गृहस्थ तीस आणि वीस हे दोन आंकडे घेऊन बसला, तर तो म्हणेल कीं शंभरांतलीं तेहतीस मुलें गळालीं. वस्तुतः एकही गळालेलें नाहीं ! याचा अर्थ त्या काळीं गळती नव्हतीच असा नव्हे. ती होती आणि मोठी होती. परंतु किती मुलें खरोखरच शाळा सोडून गेलीं आणि किती तेथेंच रुतून बसलीं, हें इयत्तांच्या बेरजांवरून कळत नाहीं. त्यासाठीं एकेका नांवाच्या मागें जावें लागतें. आणि नांवाच्या मागें गेलें कीं माणूस कोणाच्या तरी दारांत जाऊन उभा राहतो.

दारांत उभें राहून झालेल्या अशा कामाचा एक मान्यवर दाखला आपल्याच भागांतला आहे. सातारचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगींतून १९३० सालीं पुण्यास गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. गाडगीळ आणि वि. म. दांडेकर या दोघांचा सातारा जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षणावरचा ग्रंथ त्या संस्थेनें १९५५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत दोन पाहण्यांचे अहवाल आहेत. एक, शाळेंत शिकलेलीं माणसें पुढें पुन्हा निरक्षर होतात कीं काय याविषयीं. आणि दुसरा, ह्याच गळती-स्थगनाविषयीं. आपला शिराळा १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच होता. त्या वर्षीं दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. म्हणून ह्या ग्रंथाचें नांव घेतांना मला तें घरचेंच काम वाटतें. मात्र ग्रंथ इंग्रजींत आहे, आणि त्याच्या वाचकांत एखाद्या वाडीवरचा माणूस असण्याचा संभव थोडाच.

त्यांतील पहिल्या प्रश्नाचा थोडा विचार करा. शिकलेला माणूस शिकलेलें विसरतो काय ? हा प्रश्न शाळेंत जाऊन सुटत नाहीं, कारण तो माणूस आतां शाळेंत नसतो. तो शेतांत असतो, गोठ्यांत असतो, पारावर असतो. चाळिशीचा गडी, लहानपणीं तीन-चार इयत्ता झालेल्या, हातांत खुरपें. त्याच्यापुढें एक कागद धरावयाचा आणि म्हणावयाचें, "हें वाचून दाखवा." शेजारीं त्याची बायको उभी आहे, शाळेंत जाणारी मुलगी उभी आहे. ज्यांनीं खेड्यांत साक्षरतेचें काम केलें आहे त्यांना पुढचें वाक्य ठाऊक आहे : "चष्मा घरीं राहिला." आतां ह्या माणसाची नोंद काय करावयाची ? निरक्षर म्हणून, कीं चष्म्याशिवाय म्हणून ? ज्याला संशोधक 'नमुना' म्हणतो, तो आपल्या गांवांत 'अण्णा' असतो. त्या अण्णांना आधीं बाजूला घेऊन, आपण कशासाठीं आलों, त्यांच्या उत्तराचें काय होणार, नांव कोठें छापलें जाणार नाहीं, हें समजावून सांगितल्याखेरीज मिळालेलें उत्तर गणिताच्या दृष्टीनेंही निरुपयोगी असतें. लोकांना विश्वासांत घेणें हें सौजन्य तर खरेंच; पण तें सौजन्यापुरतेंच आहे असें जे समजतात, त्यांना हें कळत नाहीं कीं त्यावांचून हातीं येणारी माहितीच खोटी असते.

पाहणीच्या छापील तक्त्यांत एक शब्दप्रयोग ठरलेला असतो : 'पालकांची अनास्था'. मूल गैरहजर कां ? पालकांची अनास्था. मुलीनें शाळा कां सोडली ? पालकांची अनास्था. प्रश्नाच्या पुढें चार-पांच कारणें छापलेलीं असतात, त्यांत हें एक असतें, आणि घाईच्या वेळीं त्याच्यावर खूण करणें सर्वांत सोपें. आमच्या शाळांच्या दाखलखारीज रजिस्टरांतही असाच एक रकाना आहे. विद्यार्थ्याचें नांव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि मग 'शाळा सोडण्याचें कारण'. तेथें पानेंच्या पानें दोनच उत्तरें दिसतात : 'सतत गैरहजर' आणि 'पालकांच्या विनंतीवरून'. पालकांनीं विनंती केली हें खरें. पण ती विनंती करावयाची पाळी त्यांच्यावर कां आली, याला त्या रकान्यांत जागा नाहीं.

मी एका वाडीच्या शाळेवर असतांना आम्ही शिक्षकांनीं आणि कांहीं पालकांनीं मिळून एकदां हें जुनें रजिस्टर उघडलें आणि मध्येंच शाळा सोडलेल्या मुलांच्या घरीं जावयाचें ठरविलें. बरोबर वाडींतल्या दोन वयस्क आया आल्या. सारा फरक पडला तो त्यांच्यामुळें. आम्ही मास्तर लोक विचारीत होतों, "शाळा कां सोडली ?" त्यावर समोरचा माणूस ओशाळून खालीं पाही, किंवा मुलाला डोकेंच नव्हतें असें सांगून मोकळा होई. त्या आयांपैकीं एकीनें आमचा प्रश्नच बाजूला सारला. तिनें विचारलें, "त्या सालीं घरांत काय झालं हुतं गं ?" आणि मग बोलणें थांबेना. कोठें दुभती म्हैस विकावी लागली होती. कोठें पाठच्या भावंडाला सांभाळावयास कोणी नव्हतें; आई भांगलणीला जाई आणि नऊ वर्षांची मुलगी पाळण्याशीं बसे. आणि रजिस्टरांत १९८२-८३ च्या सुमारास जीं नांवें एकामागून एक गळालेलीं होतीं, त्यांचें कारण तर त्या वाडींत सर्वांनाच ठाऊक होतें. लिहिलें मात्र कोणीच नव्हतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. या डोंगरकडेच्या गांवांतले पुष्कळ पुरुष गिरण्यांत होते. संप चिघळला, मनिऑर्डरी बंद झाल्या, माणसें बिऱ्हाड गुंडाळून गांवीं परतलीं, आणि मुलें गुरांमागें गेलीं. रजिस्टरांत लिहिलें आहे : 'पालकांच्या विनंतीवरून'.

येथें मी मुद्दाम थांबतों, कारण आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. त्या आईला संशोधन हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु प्रश्न कसा विचारावा हें तिला आमच्यापेक्षां अधिक चांगलें कळत होतें. लोकांना संशोधनांत घेणें म्हणजे छापून आणलेल्या प्रश्नांचीं उत्तरें त्यांच्याकडून भरून घेणें नव्हे. प्रश्न ठरत असतांनाच त्यांना बोलावलें पाहिजे. उत्तरें घेतांना बोलावून काय उपयोग ? तोंवर तक्ता छापून झालेला असतो.

दुसरें एक लहानसें उदाहरण. तालुक्याच्या पश्चिम अंगाला, चांदोलीच्या बाजूस, पावसाळ्यांत ओढे तुंबतात. धनगरवाड्यावरचीं मुलें त्या दिवसांत शाळेंत दिसत नाहींत. हजेरीचा कागद पाहणारा म्हणेल, ह्या लोकांना शिक्षणाचें महत्त्व पटवून दिलें पाहिजे. मुलांच्या आजोबांना विचारलें तर ते म्हणतात, "मास्तर, साकव बांधा." व्याख्यान आणि साकव यांत खर्च अर्थातच साकवाला अधिक येतो.

आतां गांवाला विचारावें म्हणजे कोणाला विचारावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. पाहणीला आलेला माणूस आधीं सरपंचांना भेटतो, मग मुख्याध्यापकांना, मग ज्यांच्या घरीं चहा मिळतो त्यांना. सरपंचांनीं मान डोलावली कीं गांवाची संमति मिळाली असें धरतात. परंतु सरपंचांचें 'हो' म्हणजे गांवकुसाच्या कडेला राहणाऱ्या विधवेचें 'हो' नव्हे. सभेला जो येत नाहीं, त्याचेंच मूल बहुधा शाळेंतही कमी येतें. याहूनही बिकट गोष्ट ऊंसतोडणीच्या मजुरांची. हंगामांत दूरदूरच्या जिल्ह्यांतून त्यांचीं कुटुंबें आपल्या भागांत येतात आणि फडाच्या कडेला कोप्या घालून राहतात. त्यांच्या मुलांचें नांव त्यांच्या गांवच्या पटावर, आणि मूल येथें वाढ्यांच्या मोळीजवळ. तेथील पाहणींत तें घरीं सांपडत नाहीं. येथील पाहणींत त्याचें घरच गणलें जात नाहीं. दोन्हीं ठिकाणचे अहवाल बरोबर असूं शकतात, आणि मूल दोहोंतून निसटलेलें असतें. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहें निघालीं, त्यांचा उपयोगही झाला. पण मोजणीचा हा प्रश्न त्यांनीं सुटत नाहीं.

घरोघर जाऊन मुलांना काय येतें तें पाहण्याचें काम 'प्रथम' ह्या संस्थेच्या पुढाकारानें २००५ सालापासून देशभर चालत आलें आहे. त्या पाहणीला 'असर' म्हणतात. प्रत्येक जिल्ह्यांत तीस गांवें आणि प्रत्येक गांवांत वीस घरें निवडतात. स्थानिक संस्थांचे व महाविद्यालयांचे स्वयंसेवक आधीं गांवाचा नकाशा काढतात आणि मग घरांत बसून मुलांकडून अक्षरें, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून घेतात. गणितांत वजाबाकी व भागाकार पाहतात. याविषयीं तज्ज्ञांत वाद आहेत. मला ह्यांतली एक गोष्ट फार मोलाची वाटते : कसोटी इतकी साधी आहे कीं, ती चालली असतां चुलीजवळ बसलेल्या आजीलाही आपल्या नातवाला वाचतां येतें कीं नाहीं हें स्वतः दिसतें. कोणी आंकडा सांगण्याची तिला वाट पाहावी लागत नाहीं. शाळेच्या चार भिंतींत होणाऱ्या सरकारी संपादणूक-चाचण्यांचा उपयोग निराळा आहे. पण त्यांत आजी नसते.

यापुढचें एक पाऊल पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेनें टाकलें होतें. ही संस्था जे. पी. नाईक यांनीं १९४८ सालीं मुंबईंत स्थापन केली आणि पुढें ती पुण्यास आली. डॉ. चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखालीं, १९७९ सालापासून, पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठीं तिनें एक प्रयोग चालविला. दिवसा गुरें राखणारीं, धाकट्यांना सांभाळणारीं मुलें संध्याकाळच्या वर्गाला येत. शिकविणारी व्यक्ति त्याच गांवांतली. आणि वर्ग कोठें व केव्हां भरावा ह्यांत गांवकऱ्यांचा हात. संशोधनाचें संशोधन आणि शाळेची शाळा. मूल शाळेंत कां येत नाहीं हें विचारण्यावर न थांबतां, शाळा मुलाच्या वेळेला भरली तर काय होतें हें करून पाहिलें. अशा कामाला वर्षें लागतात, आणि तें करणाऱ्याला पदवीच्या मुदतीची घाई असून भागत नाहीं.

शिक्षकाविषयीं दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण तोही भागधारकच. आणि सर्वांत घाबरलेला भागधारक. बाहेरचा माणूस वही घेऊन वर्गांत आला कीं शिक्षकाला तपासणी आठवते. मग तो हुशार मुलें पुढें बसवितो आणि ज्याला वाचतां येत नाहीं त्याला पाणी आणावयास पाठवितो. यांत सारा दोष त्याचाच म्हणतां येत नाहीं. पाहणींतून निघालेल्या आंकड्याचा उपयोग पुष्कळदां त्याला नोटीस देण्याकडेच झालेला असतो. जो संशोधक शिक्षकाला पहिल्या दिवशींच सांगेल कीं, "मास्तर, तुमच्या वर्गांत तुम्हांला काय अडतें तें आधीं सांगा, आपण तेंच शोधूं," त्याला त्या वर्गांतलें खरें दिसेल. अध्यापन-पदविकेच्या अभ्यासक्रमांत 'कृतिसंशोधन' नांवाचा एक भाग असतो. कल्पना उत्तम आहे : शिक्षकानें आपल्याच वर्गांतली एक अडचण घेऊन, उपाय करून, त्याचें फळ टिपून ठेवावें. प्रत्यक्षांत काय होतें ? दरसाल तोच विषय, तेच तक्ते, आधींच्या वर्षींच्या वहींतून उतरलेले निष्कर्ष, आणि मुलांच्या गुणांत पंधरा दिवसांत आश्चर्यकारक सुधारणा ! असल्या वह्या मीं पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांतल्या मुलांना आपल्यावर संशोधन झाल्याचा पत्ताही नसतो.

आतां खुद्द शिराळ्याची एक गोष्ट. आमच्या नागपंचमीची कीर्ति सर्वत्र आहे, तशीच तिच्यावरची टीकाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि पुढें उच्च न्यायालयाच्या आदेशानें जिवंत नाग पकडून मिरविणें बंद झालें. २०२५ च्या जुलैंत, नागपंचमीच्या आसपासच्या थोड्या दिवसांपुरती, केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानें एकवीस नाग पकडण्यास परवानगी दिली. करमणूक व व्यापार यांस मनाई. हेतु लिहिला होता तो शिक्षणाचा, म्हणजे नागांविषयींचें परंपरागत ज्ञान येथील तरुणांत टिकून राहावें हा. परवानगी असावी कीं नसावी ह्या वादांत मी आज शिरत नाहीं. परंतु शिक्षण हा शब्द एकदां कागदावर आला कीं माझ्यासारख्या मास्तराचे कान टवकारतात. नाग कोणत्या बांधांत, कोणत्या महिन्यांत, कोणत्या वेळीं आढळतो. माग कसा ओळखावा. पकडतांना त्याला इजा न व्हावी म्हणून काय जपावें. हें येथील कांहीं वृद्धांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तें ज्ञान म्हणजे काय आणि त्यांत समजुती किती, हें पारखावयाचें असेल तर त्या वृद्धांजवळ वही घेऊन बसलें पाहिजे. शेजारीं प्राणिशास्त्राचा जाणता हवा. आणि नोंद ठेवणारीं मुलें आमच्या शाळा-कॉलेजांतलीं हवींत. अशी एखादी वही वर्षानुवर्षें भरत गेली, तर शिराळ्याच्या नागांवर बोलतांना शिराळकर, वनखातें आणि न्यायालय या तिघांनाही आधाराला कांहींतरी मिळेल. आज प्रत्येक पक्ष दुसऱ्याला अडाणी समजतो.

मग आपण गांवकऱ्यांनीं काय करावें ? कायदा आपल्या बाजूला आहे. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याप्रमाणें शाळा-व्यवस्थापन-समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. शाळेच्या विकासाचा आराखडा करण्याचें कामही त्या समितीकडे आहे. पुष्कळ ठिकाणीं ही समिति सह्यांपुरती उरली आहे, हें मला ठाऊक आहे. तरीपण पुढच्या खेपेला कोणी विद्यापीठाचें किंवा संस्थेचें पत्र घेऊन शाळेंत आला, तर मुख्याध्यापकांनीं त्याला थेट वर्गांत न नेतां आधीं समितीपुढें आणावें. समितींतल्या आयांनीं त्याला विचारावें कीं बाबा रे, तूं काय शोधतोस, आमच्या मुलांना त्यासाठीं किती वेळ बसवणार, त्यांचीं नांवें कोठें जाणार, आणि ज्याला वाचतां आलें नाहीं त्याला चारचौघांत ओशाळावें लागणार नाहीं याची तजवीज काय ? त्याचा तक्ता वाचून घ्यावा. 'पालकांची अनास्था' असें छापलेलें आढळलें तर त्यापुढें कोरी जागा मागून घ्यावी. आणि तो परत केव्हां येणार हें तारखेनिशीं लिहून घ्यावें. कारण काम झाल्यावर निष्कर्ष घेऊन त्यानें गांवांत यावयास हवें, मराठींत, सर्वांना समजेल असे ते वाचून दाखवावयास हवेत, आणि "हें तुमचें चुकलें" असें म्हणणारा कोणी निघाला तर त्याचें म्हणणेंही अहवालांत नोंदवावयास हवें. प्रामाणिक संशोधकाला ह्याचा राग येणार नाहीं. ज्याला राग येईल त्याला चहा देऊन निरोप द्यावा.

संशोधक मंडळींपैकीं कोणी ऐकत असतील तर त्यांच्यासाठीं एक सूचना आहे. जुलै-ऑगस्टांत आमच्याकडे येऊं नका. धूळवाफेवर पेरलेल्या भाताची भांगलण त्या दिवसांत चालू असते. दुपारीं घरीं म्हाताऱ्या माणसांवांचून कोणी भेटणार नाहीं, आणि तुम्ही लिहून न्याल कीं पालक भेटले नाहींत. भाताची मळणी झाल्यावर, दिवाळीनंतर या. दिवेलागणीच्या पुढें या. तेव्हां आई घरीं असते, मूल जेवावयाच्या आधीं वही घेऊन बसलेलें असतें, आणि बापही शेतावरून आलेला असतो.